घरचा बेदाणा

“जीभ म्हणते, हा बेदाणा आपला नाही.”

फोन कानापासून काढून भरतेश एवढंच बोलला. भरतेश माझा थोरला मुलगा. आमच्या बेदाण्याचा परदेशातला सगळा व्यवहार तो बघतो. मी शेडखाली जाळीवर वाळत घातलेल्या द्राक्षमण्यांवरून हात फिरवत होते.

“कुणाची जीभ? आण इकडं, हासडते,” मी म्हणाले.

पण ती हासडता येणारी जीभ नव्हती. ती लोखंडी होती, समुद्रापलीकडच्या एका बंदरावर बसवलेली होती, आणि तिला चवी शिकवल्या होत्या माझ्याच नातीनं.

तासगावच्या पुढं, जिथं पाऊस यायचा कंटाळा करतो, तिथं आमचं घोटीमाळ. पाणी कमी आणि वारा भरपूर. द्राक्ष इथं जगतं कसंबसं, वाळतं मात्र झकास. म्हणून माळावर जिकडं बघाल तिकडं हिरव्या जाळ्यांच्या शेड. लग्न होऊन आले तेव्हा इथं कुसळं होती. आज घोटीमाळचा बेदाणा म्हटलं की सौद्यात व्यापारी मान वर करतात. यात माझा, राजमती चौगुलेचा, हात किती हे मी सांगणार नाही, गावाला विचारा. शिव्या देत का होईना, सांगतील.

नात सुव्रता, भरतेशची मुलगी. पुण्यात प्रयोगशाळेत असते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तेव्हा तिनं ते यंत्र मला माझ्या भाषेत समजावलं होतं.

“आजी, सगळं पाणी सारखं नसतं. पाण्याचे काही कण जड असतात, काही हलके. समुद्रावरून ढग आत जातो तसं जड पाणी आधी गळून पडतं. लांबच्या डोंगरावर बर्फ पडतो तो हलक्या पाण्याचा. आपल्या बोरचं पाणी त्यामानानं जड. वेल जे पाणी पितो त्याची खूण द्राक्षाच्या साखरेत राहते. वाळवलं तरी जात नाही.”

“आणि टँकरचं पाणी प्यायला तर?”

“म्हणून दुसरी खूण घेतो, मातीची. स्ट्रॉन्शियम म्हणून एक धातू सगळ्या खडकांत थोडा थोडा असतो. त्यातही जड-हलकं असतं, आणि त्याचं प्रमाण खडकागणिक वेगळं. आपला काळा कातळ वेगळा, तिकडचे मिठाचे डोंगर वेगळे. मुळं ते उचलतात. पाणी आणि माती अशा दोन खुणा जुळल्या की माल कुठं पिकला ते कळतं. माणसाला पासपोर्ट बदलता येतो, द्राक्षाला नाही.”

पूर्वी हे करायला खोलीभर यंत्रं आणि आठवडे लागायचे. सुव्रता आणि तिच्या जोडीदारांनी ते पोळपाटाएवढ्या पेटीत बसवलं. वर एक खाच. खाचेत दाणा ठेवायचा, झाकण लावायचं, चहा उकळेपर्यंत उत्तर. नाव काहीतरी लांबलचक होतं, लोक म्हणायला लागले जीभ.

त्याच सुमारास आखातात लढाई पेटली. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, आणि पश्चिमेकडच्या देशांनी मध्य आशियातल्या काही मुलखांवर बंदी घातली. तिथला माल घेतला की पैसा बंदुकीकडं जातो, असं त्यांचं म्हणणं. पण बंदी घातली म्हणून माल थांबत नाही, नुसतं पोतं बदलतो. इकडचं लाकूड तिकडचं होतं, तिकडचा कापूस इकडचा. मग त्या देशांनी बंदराबंदरावर सुव्रताची जीभ बसवली. कागद काहीही म्हणो, जीभ खरं सांगायची.

तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या होत्या. परका बेदाणा आणून त्यात मूठभर आमचा टाकून आमच्या नावानं विकणारे चोर मी जन्मभर बघितले होते. म्हटलं, बरं झालं, आता नाव ज्याचं त्याला मिळेल.

आणि त्याच जिभेनं आमचा कंटेनर अडवला. निम्म्याला थोडा कमी माल बंदीच्या मुलखातला आहे, म्हणे. म्हणजे आम्ही भेसळखोर. नुसते भेसळखोर नव्हे, लढाईत शत्रूचा माल खपवणारे.

गावात अशा वेळी बोट दाखवायला माणूस शोधावा लागत नाही. आमच्याकडं तर तयारच होता. झलमय.

झलमय काबूलच्या उत्तरेकडचा, म्हणजे बंदीच्याच मुलखातला. कोवळ्या वयात पुण्याला शिकायला आला, तिकडं सगळं विस्कटलं, परत जायची वाट बंद झाली. मग सुक्या मेव्याच्या धंद्यात पडला. त्याच्या मुलखाचा बेदाणा रीतसर आणायचा आणि आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा. बंदी आल्यावर त्यानं ते सोडलं आणि आमच्याकडंच मालाची प्रत लावायला बसला. दाणा बोटात फिरवून तो कोणत्या पेटीत जाणार हे सांगायचा. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, फक्त चिडला की हेल बदलायचा. दर वर्षी राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला त्याला कचेरीत उभं राहावं लागायचं, आणि दर वर्षी मी त्याच्याबरोबर जायची. माझ्यासमोर कारकून जरा लवकर शिक्का मारतात.

त्या दिवशी मी स्टोरेजवर गेले तेव्हा निवडायला बसलेल्या बायका ओळीत होत्या आणि झलमय टोकाला.

“किल्ली ठेव,” मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. “आक्का, काय झालं?”

“अर्धा माल परका निघालाय. स्टोरेजची दुसरी किल्ली कुणाकडं असते?”

“माझ्याकडं. पण बंदी आली त्या दिवसापासून आत माझा एक दाणा नाही.”

“मग काय वाऱ्यावर उडून आला?”

“माझ्या गावचा बेदाणा हिरवा, लांबट. तुमच्या पेटीत पडला तर तुम्ही दारातून ओळखाल. तुम्हाला जिभेची गरज लागेल का?”

बोलला ते खरं होतं. ते खरं आहे हे मला तिथंच कळलं होतं, आणि म्हणून जास्त राग आला. चार बायकांसमोर माझ्या घरच्या पोरीचं यंत्र खोटं पडत होतं.

“माझ्या नातीच्या यंत्रापेक्षा तू शहाणा? चालता हो.”

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. वाजवली नाही, अलगद ठेवली. बायकांची बोटं दाण्यांत चालूच होती. एकीनंही मान वर केली नाही.

सुव्रता पेटी घेऊन पुण्याहून आली ती थेट शेडवरच. बापाशी बोलली नाही, माझ्या पाया पडली नाही. रॅकवरचा दाणा उचलला, जिभेत ठेवला. परका. दुसरा रॅक. परका. स्टोरेजमधली पेटी फोडली. पुन्हा तेच.

“आजी, हे बघ. पाणी म्हणतंय घोटीमाळ. सोळा आणे घोटीमाळ. माती म्हणतेय मध्य आशिया. दोन्ही जुळत नाहीत म्हणून ती ‘मिसळलेला माल’ म्हणून निकाल देते. पण एकेका दाण्याला हेच येतंय. एका दाण्यात भेसळ कशी होईल? पाणी इथलं पितंय आणि माती दुसऱ्या देशाची खातंय, असं झाड नसतं.”

“मग तुझी जीभ भाजलीय.”

“असेल,” ती म्हणाली. हे तिला किती जड गेलं ते मला दिसलं. मान ताठ ठेवायची खोड तिला माझ्याकडूनच आलीय.

घरी आणून मी तिला जेवायला वाढलं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. जेवण झाल्यावर तिनं लहानपणीच्या सवयीनं फडताळातला पितळी डबा काढला आणि मूठभर बेदाणे घेऊन खात बसली. खाता खाता थांबली. एक दाणा जिभेत ठेवला. झाकण लावलं. मी ताट उचलेपर्यंत उत्तर आलं.

“घोटीमाळ,” ती म्हणाली. “पाणी पण, माती पण. आजी, हा कुठला?”

“कुठला म्हणजे? त्याच वेलाचा. घरचा.”

“घरचा म्हणजे काय?”

आता हे काय तिला शिकवायचं? घोटीमाळात लहान पोराला पण माहीत आहे, पण ही शाळेपासून पुण्यात, सुट्टीपुरती घरी. बाजारचा बेदाणा करताना द्राक्षाचे घड कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. कार्बोनेट म्हणजे पांढरी भुकटी, ती आणि एक तेल. त्यानं सालीवरचं मेण सुटतं, पाणी भराभर उडतं, दाणा सोनेरी राहतो. विष नव्हे ते, सगळं जग वापरतं, पास झालेलं आहे. पण घरच्यासाठी चार घड आम्ही तसेच, न बुडवता, माडीवर वाळवतो. वेळ लागतो, दाणा काळपट होतो, सुरकुततो. सौद्यात नेला तर लोक हसतील. तो बाळंतिणीला, मंदिरात, घरच्या पोरांना. प्रत्येक घरात दोन डबे. विष नाही म्हणतो, आणि तरी दोन डबे. कुणी ठरवलेलं नाही, असंच चालत आलंय.

“आजी,” सुव्रताचा आवाज बारीक झाला, “चवींचा नकाशा करताना मी प्रत्येक शेडवरून मूठ मूठ बेदाणा मागितला होता. घोटीमाळची चव कशी असते ते जिभेला शिकवायला. तेव्हा तुम्ही मला कुठला दिलात?”

“घरचा. मी दवंडीच दिली होती तशी. पोरगी आपली, मागतेय मूठभर, बाजारचा कशाला देता? चांगला द्या.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी. माझ्या शब्दाबाहेर कोण आहे?”

ती भिंतीला टेकून खाली बसली. आधी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. “मी पण विचारलं नाही,” ती म्हणाली. “लहानपणापासून हाच खात आले. मला वाटलं, बेदाणा म्हणजे हाच.”

मग ती उठली आणि शेडवर जाऊन कार्बोनेटचं पोतं घेऊन आली. पोत्यावर आखातातल्या एका देशाचं नाव छापलेलं. भुकटी जिभेत ठेवली. जीभ त्या देशाचं नाव घेईना. ती म्हणत होती, मिठाच्या खाणी, मध्य आशिया. बंदीचाच मुलूख.

म्हणजे पोतंच बदललेलं होतं. आमच्या दाण्याच्या अंगावर परक्या मातीचं पातळ पांघरूण होतं, आणि जिभेला ते आतल्या हाडाचं वाटत होतं. हेच कार्बोनेट सगळा तालुका वापरत होता. स्वस्त होतं. कुठून येतं, कुणी विचारलं नव्हतं. आम्ही नाही, दुकानदारानं नाही.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून एक साहेब आले. निमकर. परदेशांशी व्यापाराचे करार ठरवणाऱ्यांतले. माणूस मराठी, बोलणं मऊ, बूट दाराबाहेर काढले. सुव्रतानं त्यांना सगळं सांगितलं. ते चहाच्या कपाला हात न लावता ऐकत होते, तेव्हाच मी ओळखलं, याचं काम वाईट आहे.

“आजी,” ते मला म्हणाले, “पुढच्या आठवड्यात करारावर सही आहे. आपली औषधं, आपलं सूत, सगळं त्या देशांत कमी जकातीत जाणार. आणि लढाईच्या काळात त्यांची जहाजं आपल्या जहाजांना सोबत करणार. त्यांच्यातला एक गट आधीपासून ओरडतोय, की भारत बंदी पाळत नाही, आडून माल घेतो. आता एखाद्या माणसानं चार पोती मिसळली, तर ती एका माणसाची चोरी. ते पचेल. पण अख्खा तालुका बंदीच्या मुलखातलं रसायन वापरतो, हे कळलं तर ओरडणारा गट खरा ठरतो.”

“माणूस म्हणजे झलमय,” मी म्हणाले.

“मी नाव घेतलं नाही.”

“बंदीच्या मुलखातला दुसरा माणूस आहे का आमच्याकडं?”

भरतेश मध्ये बोलला. “आई, त्याला तुरुंगात नाही टाकणार. परवाना रद्द करून परत पाठवतील, बस्स.”

“परत कुठं?” मी साहेबांना विचारलं. “ज्या गावातनं पळून आला, तिथं? उतरल्यावर त्याचं काय करतील तिथले लोक?”

साहेबांनी आता कप उचलला आणि त्यात बघितलं.

“तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय, साहेब.”

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “कंटेनरच्या सुनावणीत त्या देशांचे लोक विचारतील, तुमच्या स्टोरेजमध्ये या माणसाची किल्ली होती का. होती. तुम्ही त्याला काढलंत का. काढलंत. एवढंच सांगा. विचारलं नाही ते सांगू नका. आजी, तुमच्या एका उत्तरावर फक्त बेदाणा नाही लटकलेला.”

वाईट हे, की माणूस लबाड नव्हता. त्याच्या पाठीमागं खरंच देश उभा होता. सूतगिरणीतल्या बायका, गोळ्यांचे कारखाने, समुद्रातली जहाजं. आणि दुसऱ्या बाजूला एकटा झलमय. अशा तराजूत एकटा माणूस वर जाणारच.

मी मिरजेला गेले. सतारी करणाऱ्या एका कारागिराच्या माळ्यावर झलमय राहत होता. सतारीचा भोपळा मांडीवर घेऊन पॉलिशकागदानं घासत होता. मला बघून उठला नाही.

“किल्ली आणलीय,” मी म्हणाले.

“मी मागितली नव्हती.”

“काढलं तेव्हा मी तरी तुला कुठं विचारलं होतं?”

एवढ्यावर तो हसला. दुसरं कुणी असतं तर माफी मागितली असती. माझ्याच्यानं एवढंच होतं, आणि त्याला ते माहीत होतं. मग मी त्याला कार्बोनेटचं सांगितलं, साहेबांचंही सांगितलं.

तो भोपळा घासत राहिला. “माझं नाव द्या, आक्का.”

“तुझं डोकं फिरलंय?”

“तुमच्याकडं प्रत्येकाचं कोणीतरी आहे. माझं तिकडं कोणी नाही, इकडं कोणी नाही. ज्याच्यामागं कोणी नाही त्याला पाठवणं सोपं. साहेब हिशेबानं बरोबर आहेत.”

“इकडं कोणी नाही?” मी म्हणाले. “मग मी इथं जिना चढून काय सतार घ्यायला आले?”

त्यानं भोपळा खाली ठेवला. किल्ली घेतली.

सुनावणी तहसील कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर होती. तिकडं त्या देशांचे तिघं बसलेले, मधोमध पांढऱ्या केसांची एक बाई. मी मराठीत बोलायचं, यंत्र लगेच त्यांच्या भाषेत सांगायचं. निमकर साहेब माझ्या शेजारी, भरतेश मागं. मी आधीच बजावलं होतं, दिवस मावळायच्या आत संपवा.

त्यांनी तेच विचारलं. “स्टोरेजची किल्ली त्या परदेशी माणसाकडं होती का?”

“होती,” मी म्हणाले.

“तुम्ही त्याला कामावरून काढलंत?”

“काढलं. चूक केली. काल परत ठेवलं.”

साहेबांनी डोळे मिटले.

“मालात कुणी मिसळलेलं नाही,” मी म्हणाले. “आम्ही माल बुडवतो, त्या पाण्यात तुमच्या बंदीच्या मुलखातला क्षार होता. पोत्यावर दुसऱ्याचं नाव होतं आणि आम्ही कुणी विचारलं नाही, कारण स्वस्त होता. सगळे वापरतात. मी पण. माझी नात दाखवते.”

सुव्रतानं रॅकवरचे दाणे घेतले. एक तसाच जिभेत ठेवला. परका. दुसरा ऊन पाण्यात चोळून धुतला, पुसला, ठेवला. पेटीवरचा मातीचा काटा सरकला. पुरता नाही, पण घोटीमाळकडं सरकला. तिसरा आमच्या पितळी डब्यातला. थेट घोटीमाळ. तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, की नकाशा चुकला, आणि चुकलेल्या नकाशावर तिची सही आहे. मी माझ्या नातीकडं बघत होते. घरात कुणी असं बोलायला शिकवलं नव्हतं तिला. मी तर नाहीच.

पांढऱ्या केसांच्या बाईनं चष्मा काढला. “हा तिसरा बेदाणा तुम्ही कुणाला देता?”

“घरच्या पोरांना. बाळंतिणींना.”

“आणि पहिला आमच्या मुलांना.”

यंत्रानं ते सपाट आवाजात सांगितलं. तिच्या तोंडचा राग त्यात नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

“तो वाईट नाही,” मी म्हणाले. “तपासून पास झालेला आहे. तुम्हालाच सोनेरी लागतो. सुरकुतलेला दाखवला असता तर घेतला असता का?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “दुसरा डबा आहे हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही.”

मी पितळी डब्याचं झाकण लावलं.

झलमयवरचा आरोप गेला, त्याचा परवाना वाढला. करारावर सही झाली, पण त्यातून आमच्या तालुक्याचा बेदाणा वगळून. एक हंगाम बंदी. शिवाय आखाती पोत्यांची चौकशी लागली ती वेगळी, आणि जहाजांच्या सोबतीचं कलम पुढं ढकललं गेलं. निमकर साहेबांचा एकदा फोन आला. म्हणाले, “आजी, तुम्ही मला फार महाग पडलात.” मी म्हणाले, “तुम्ही पण मला.” आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

गावानं मला काय केलं ते सांगते. तासगावच्या सौद्यात बोली चढली की व्यापारी गमतीनं एकमेकांवर बेदाणे उधळतात, जुनी रीत आहे. त्या हंगामात मी सौद्याला गेले तेव्हा माझ्या अंगावरही दाणे आले. ते गमतीतले नव्हते. मुठी वळून, नेम धरून मारलेले. मी पदरातले दाणे झटकले नाहीत, तशीच बसून राहिले. सोनेरी माल देशात पडेल त्या भावानं गेला. भरतेश माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मंदिरात शेजारी बसणाऱ्या बाया दोन हात सरकून बसायच्या.

कार्बोनेट दुसऱ्या देशाचं आणता आलं असतं. लोकांनी तेच केलं. मला ते जमेना. घड बुडवायला गेले की त्या बाईचं वाक्य आठवायचं.

एका सकाळी झलमय शेडवर उभा राहून वाऱ्याकडं तोंड करून म्हणाला, “आमच्याकडं कशातच बुडवत नाहीत.”

“मग तुमचा हिरवा कसा राहतो?”

“घरात वाळवतो. मातीच्या जाड भिंती, त्यात ओळीनं भोकं. आत अंधार. काठ्यांवर घड टांगायचे. ऊन आत येत नाही, वारा आरपार जातो. किशमिशखाना म्हणतात. वेळ लागतो. पण दाणा काळा पडत नाही.”

“आणि इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसलास?”

“तुम्ही विचारलं कुठं? मी पहिल्यांदा माझा बेदाणा दाखवला तेव्हा काय म्हणालात, आठवतं? ‘हा काय, शेवाळ आलंय का याला?’”

म्हणाले असेन. मी म्हणतेच असं.

तळ्यातली माती काढून विटा पाडल्या. भिंती उठल्या, भोकं पडली. गाव बघायला यायचं आणि जाताना म्हणायचं, राजाक्कानं म्हातारपणी कबुतरखाना बांधला. झलमय आत-बाहेर करायचा, भोकाला हात लावून वारा मोजायचा, दोनदा भिंत पाडून पुन्हा उठवली. भरतेश लांबून बघायचा. घड टांगायच्या दिवशी मात्र न बोलावता आला आणि काठ्या वर द्यायला लागला.

मध्ये अवकाळी येऊन गेला. शेजारच्या शेडमधला माल भिजून काळा झाला. आमच्या भिंती बाहेरून ओल्या झाल्या, आत कोरड्या राहिल्या. घड हळूहळू आक्रसत गेले. काढले तेव्हा सोनेरी नव्हते, काबूलसारखे हिरवेही नव्हते. मधल्याच कुठल्या तरी रंगाचे, मऊ, सालीवर बारीक सुरकुती.

सुव्रता नवा नकाशा करायला आली. यावेळी हातात लांबलचक प्रश्न होते. कुठला वेल, कशात बुडवला, कुठं वाळवला, कोण खातं. शेवटी पिशवी पुढं करून म्हणाली, “आजी, घरचा नको. बाजारचा दे.”

मी फडताळ उघडलं. पितळी डबा काढला, तिच्यासमोर ठेवला.

“आणि बाजारचा?”

“हाच. एकच आहे आता.”

तिनं दाणा जिभेत ठेवला. झलमय उंबऱ्यात उभा होता. मी चहा ठेवला, उकळी आली. मग पेटी बोलली. पाणी घोटीमाळ. माती घोटीमाळ. परकं काही नाही.

“काहीच नाही?” झलमयनं विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं. “माझ्या भिंतीचं, काठ्यांचं, काहीच लागलं नाही तिला?”

सुव्रता जरा ओशाळली. “नाही, काका. भिंतीची चव येत नाही.”

झलमयनं आत येऊन डब्यातला एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला.

“येते,” तो म्हणाला.

मी डबा त्याच्यापुढं सरकवला.